पखवाज कुठे गेला? एकत्र वाजवणाऱ्यांचे आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करण्याविषयी

हेडफोन जवळ असतील तर लावून घ्या. आज दोन क्लिप आहेत, आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर त्यातलं अर्धं ऐकूच येणार नाही. जे ऐकत नसून वाचतायत त्यांच्यासाठी क्लिपमध्ये काय आहे ते कंसात लिहिलंय.

आजच्या विषयाला निमित्त झालं एका प्रश्नाचं. एका श्रोत्याने व्हॉइस मेसेज पाठवला. म्हणाला, "ताई, गावात सप्ताह झाला. साउंडवाल्याच्या मिक्सरला पेनड्राइव्ह लावून सातही दिवसांचं कीर्तन रेकॉर्ड केलं. महाराजांचा आवाज एकदम स्वच्छ, पेटी स्वच्छ. पण पखवाज गायब! टाळ तर कुठेतरी लांब विहिरीत वाजल्यासारखे. मिक्सर खराब होता का?"

नाही रे दादा. मिक्सर चांगला होता आणि साउंडवाले दादाही चांगले होते. त्यांनी त्यांचं काम नीट केलं म्हणूनच तुझा पखवाज गेला.

हे जरा सावकाश सांगते. कारण लाइव्ह रेकॉर्डिंग करायला निघालेल्या बहुतेकांचं इथेच अडतं.

देवळाचा सभामंडप डोळ्यासमोर आणा. फरशी, दगडी खांब, वर पत्रा. पंधरा-वीस टाळकरी, एक पखवाज. आता साउंडवाल्याचं काम काय? शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीला महाराजांचा शब्द कळला पाहिजे, एवढंच. पखवाज तिला न लावताच ऐकू येतोय. टाळ तर रस्त्यापर्यंत ऐकू येतायत. मग तो शहाणा माणूस काय करतो? महाराजांचा माइक वर, पेटी थोडी वर, चाल म्हणणारे दोघं वर. पखवाजाचा फेडर जवळजवळ खाली. टाळांना माइकच नाही. मंडपात बसून ऐकाल तर सगळं छान जुळलेलं, कारण अर्धं स्पीकरमधून येतंय आणि अर्धं थेट हवेतून.

पण पेनड्राइव्हवर फक्त स्पीकरवालं अर्धं गेलं.

म्हणजे मिक्सरच्या मेन आउटमधून घेतलेलं रेकॉर्डिंग हे त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नसतंच. त्या जागेत जे कमी पडत होतं, त्याची ती नोंद असते. जागा जितकी छोटी तितकी ही गंमत जास्त. मोठ्या मैदानावर प्रत्येक वाद्याला माइक लागतो, तिथे मेन आउट बऱ्यापैकी पूर्ण मिळतो. छोट्या मंडपात, गच्चीवरच्या मैफलीत, शाळेच्या हॉलमध्ये तो हमखास लंगडा असतो.

आणि एकदा तो दोन चॅनेलमध्ये मिसळला की संपलं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काला होतो ना, पोहे, लाह्या, दही, लोणचं सगळं एकत्र? त्यातून नंतर पोहे वेगळे काढून दाखवा. तसंच आहे हे. मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग म्हणजे काल्याच्या आधी प्रत्येक जिन्नस आपापल्या वाटीत ठेवणं. महाराज एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्यावर, पखवाजाची डावी बाजू तिसऱ्यावर, उजवी चौथ्यावर. सगळे एकाच वेळी वाजतायत, एकाच मंडपात, पण फाइली वेगळ्या. काला नंतर घरी बसून करायचा, आणि नाही जमला तर पुन्हा करायचा.

आज हे किती सोपं झालंय ते कळण्यासाठी थोडं मागे जाऊ. लगेच परत येते.

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा माइक नावाची वस्तूच नव्हती. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला सुई, आणि सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढणार. मिक्सिंग कसं करायचं? माणसं हलवून! गायिका कर्ण्याच्या तोंडाशी, साथीदार मागे. आवाज कमी-जास्त करायचा तर माणसाने पुढे-मागे व्हायचं. विजेवर चालणारं रेकॉर्डिंग बाजारात यायला १९२५ साल उजाडलं. पुढे मुंबईत सिनेमाची गाणी व्हायला लागली तेव्हा माइक बरेच झाले, पण कित्येक वर्षं गायक आणि भलामोठा वाद्यवृंद एकाच वेळी गात-वाजवत होता आणि रेकॉर्डिस्ट तिथल्या तिथे फेडर हलवून सगळं एकत्र करत होता. एका व्हायोलिनवाल्याचा सूर घसरला की गाणं पहिल्यापासून. तिकडे अमेरिकेत लेस पॉल या गिटारवाल्याच्या कल्पनेतून आठ ट्रॅकचं टेप मशीन तयार झालं आणि १९५७ मध्ये ते त्याच्या घरी आलं. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम लंडनमध्ये अजून चार ट्रॅकच्या मशीनवरच होत होता. चार भरले की ते मिसळून दुसऱ्या मशीनच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचं वाजवायचं. प्रत्येक उतरवणीत एक निर्णय कायमचा बंद.

आणि आपल्याकडे आज लग्नाच्या हॉलमध्ये जो डिजिटल मिक्सर येतो ना, बेहरिंगरचा एक्स थर्टीटू वगैरे, तो ३२ चॅनेल वेगवेगळे एका यूएसबी केबलने लॅपटॉपला देतो. त्याचाच लहान भाऊ एक्सआर एटीन, तो १८ देतो. ही सोय तालुक्याच्या गावात पोचलीये. ती केबल मात्र कुणी लावत नाही. पेनड्राइव्ह लावतात! मला याचं खरंच वाईट वाटतं.

बरं, आता माझ्या कामाकडे. मी सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यात जास्त फिरते. भजनी मंडळं, शाहीर, गोंधळी, कधी नाट्यसंगीताची मैफल. कीर्तनाला माझी बारा ट्रॅकची मांडणी असते. कीर्तनकार एक. चाल म्हणणारे दोन. पेटी एक. पखवाज दोन. वीणा एक. टाळकऱ्यांच्या दोन रांगा, प्रत्येकीला एक. मंडपात लोकांच्या डोक्यावर दोन. आणि बारावा ट्रॅक म्हणजे साउंडवाल्या दादांचा मेन आउट. हो, तोही घेते. नंतर शब्द कुठे अडला तर तिथे तो स्पष्ट सापडतो.

यातला सगळ्यात अवघड भाग कोणता असं विचारलंत तर मी उपकरणांचं नाव घेणार नाही. साउंडवाल्या दादांशी बोलणं, हा अवघड भाग. त्यांच्या दृष्टीने तुम्ही त्यांच्या स्टेजवर जास्तीच्या वायरी आणणारी ब्याद असता. म्हणून मी दोन तास आधी जाते, चहा घेते, त्यांच्या वायरी गुंडाळायला मदत करते आणि मग विचारते, "दादा, तुमच्या सेटिंगला हात न लावता मला प्रत्येक चॅनेल वेगळा मिळेल का?"

डिजिटल मिक्सर असेल तर उत्तर सोपं. यूएसबी केबल, लॅपटॉप, रीपर नावाचं सॉफ्टवेअर. ते साठ दिवस पैसे न भरता वापरून बघता येतं. बहुतेक मिक्सरमध्ये हा सिग्नल गेननंतर पण फेडरच्या आधी निघतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दादांनी पखवाजाचा फेडर शून्यावर आणला तरी तुमच्याकडे पखवाज पूर्ण येतोय. पण त्यांनी गेनचं बटण फिरवलं, तर तुमच्याकडेही तो उडी मारणार. म्हणून माझी एकच विनंती असते: "कार्यक्रम सुरू झाल्यावर गेनला हात नको, फेडर हवा तसा हलवा." नव्वद टक्के दादा ऐकतात. उरलेले ऐकतो म्हणतात.

जुना ॲनालॉग मिक्सर असेल तर प्रत्येक माइकची वायर फोडावी लागते, एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्या रेकॉर्डरकडे. त्यासाठी स्प्लिटर बॉक्स मिळतो, शक्यतो ट्रान्सफॉर्मरवाला घ्या, नाहीतर दोन्हीकडच्या अर्थिंगमधून ५० हर्ट्झची घूंऽऽऽ सुरू होते. आपल्या गावाकडचं अर्थिंग म्हणजे काय सांगायचं! कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम कुणाकडून जाणार हे आधी ठरवून घ्या, एकाच बाजूने जाऊ द्या. आणि हे काहीच जमणार नसेल तर सरळ आपले वेगळे माइक लावा. पखवाजाशेजारी दोन माइक दिसले म्हणून पांडुरंग रागावत नाही.

आता टाळ. टाळांवर वेगळा भाग करायला हवा खरं तर. पितळेचा तो तीक्ष्ण आवाज सगळीकडे शिरतो. महाराजांच्या माइकमध्ये टाळ, पेटीच्या माइकमध्ये टाळ, वीणेच्या माइकमध्ये तर वीणेपेक्षा टाळच जास्त. याला ब्लीड म्हणतात, म्हणजे शेजाऱ्याचा आवाज आपल्या घरात येणं. लोक म्हणतात मल्टिट्रॅक केलं की सगळं वेगळं मिळतं. मिळत नाही. शेजारी राहिलात की शेजाऱ्याच्या कुकरची शिट्टी ऐकू येणारच. आपण फक्त भिंत थोडी जाड करू शकतो. कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून महाराजांच्या माइकची पाठ टाळकऱ्यांकडे येईल असं बघायचं. कीर्तनात टाळकरी महाराजांच्या मागे, म्हणजे माइकच्या बरोबर तोंडासमोर उभे असतात, त्यामुळे हे पूर्ण कधीच साधत नाही. पण माइक थोडा खालून वर तिरका केला तरी फरक पडतो. माइक वाद्याजवळ न्यायचा. जुना नियम आहे: माइक वाद्यापासून एक वीत असेल तर शेजारचा माइक किमान तीन विती लांब हवा. गर्दीत तेही जमत नाही, पण डोक्यात असलेलं बरं.

पखवाजाला दोन माइक लावता तेव्हा एक गोष्ट हमखास होते. दोन्ही ट्रॅक वेगवेगळे ऐकले तर दमदार, एकत्र केले की आवाज एकदम बारीक, पोटच नाही. कारण असं की उजव्या पुडीवर थाप पडली की ती आत जाते आणि आतली हवा डावी पुडी बाहेर ढकलते. एका माइकला आवाज दूर गेल्यासारखा, दुसऱ्याला जवळ आल्यासारखा. दोघं एकमेकांना खोडतात. उपाय एका बटणाचा आहे. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये फेज उलटी करायची खूण असते, एक गोल आणि त्यावर तिरकी रेघ. एका ट्रॅकवर ती दाबा. पोट परत येतं. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ना, ते बघण्यासाठी मी हे मुद्दाम दोनदा दाबून दाखवते.

डोक्यावरच्या त्या दोन माइकचं काय? ते मंडपाचा श्वास आहेत. विठ्ठल विठ्ठलचा गजर झाला की दोनशे लोकांचा आवाज त्यातच येतो. पण ते पखवाजापासून आठेक मीटर लांब असतात आणि आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे तिथे थाप २३-२४ मिलिसेकंद उशिरा पोचते. काही लोक तो ट्रॅक तेवढा मागे ओढून जुळवतात. मी नाही जुळवत. तो उशीर म्हणजेच मंडपाची लांबी आहे, तो काढला तर मंडप खोलीएवढा होतो. ज्याची त्याची आवड.

लेव्हलबद्दल एकच सांगते, कारण इथे तरुण मंडळी उगाच घाबरतात. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि रिहर्सलला सगळ्यात मोठा आवाज उणे १८ डीबीच्या आसपास ठेवा. कमी वाटेल. वाटू द्या. कीर्तन सुरू होतं तेव्हाचा पखवाज आणि दोन तासांनी गजराच्या टोकाला पोचलेला पखवाज हे दोन वेगळे पखवाज असतात. वरची जागा त्याच्यासाठी ठेवायची. लाल दिवा लागला की तो आवाज फाटला, मग तो कुणीही शिवू शकत नाही. कमी असेल तर नंतर वाढवता येतो.

जागा किती लागते, हेही विचारतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका ट्रॅकचा एक तास म्हणजे साधारण ५२० एमबी. बारा ट्रॅक, तीन तास: पावणेएकोणीस जीबी. सातही दिवस करायचं तर गुणा. कार्ड जुन्या एफएटी थर्टीटू पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, तेव्हा तुमचा रेकॉर्डर त्या वेळी काय करतो ते घरी तपासून जा. आणि लाइट जाणार हे धरूनच चाला. माझा रेकॉर्डर बॅटरीवर, लॅपटॉपही स्वतःच्या बॅटरीवर, चार्जर फक्त सोबतीला. मिक्सर बंद पडला तरी मंडपातले दोन माइक चालू असतात. अंधारात, माइकशिवाय, लोक जे गातात ते बऱ्याचदा त्या रात्रीचं सगळ्यात सुंदर असतं.

आता ज्यासाठी मी हा भाग करतेय ते.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात एक पखवाजवादक आहेत, वय पंच्याहत्तरच्या पुढे. सगळे त्यांना तात्या म्हणतात. पन्नासएक वर्षं गावच्या मंडळात वाजवतायत. त्यांचे व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर आहेत. आणि एकाही व्हिडिओत त्यांचा डावा हात नाही. फोन काय करतो? मोठा आवाज आला की स्वतःच सगळं खाली ओढतो. टाळ वाजले की पखवाज खाली, टाळ थांबले की वर. शिवाय फोनचा बारीकसा माइक आणि त्याहून बारीक स्पीकर. त्यात धुमाऱ्याचा तो खोल आवाज येणार कुठून?

मी त्यांच्या मंडळाचं रेकॉर्डिंग केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांना हेडफोन लावून दिला आणि फक्त त्यांचे दोन ट्रॅक चालू ठेवले.

[क्लिप १ – बारा सेकंद. फक्त पखवाज, दोन माइक. मागे फार बारीक टाळ. डाव्या बाजूचा ओल्या कणकेचा खोल आवाज, शेवटी तिहाई आणि कुणाचा तरी "वाऽ".]

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं पोरी, ह्यो डावा हात माझाच हाय व्हय? आजवर म्या नुसता वाजवला. ऐकला न्हाई कधी."

खरंच आहे ते. वाजवणारा वाद्याच्या वर बसलेला असतो, कानाशी टाळ. समोरच्याला काय पोचतं ते त्याला कळायचा मार्गच नव्हता. पुढचा अर्धा तास त्यांनी तेच तेच परत लावायला लावलं. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "हितं म्या घाई केली." मला कळलंही नव्हतं.

त्यांचा पुतण्या शेजारी बसला होता, विशीतला, तोही वाजवतो. तो म्हणाला, काका शिकवतात पण चालत्या कीर्तनात ते नेमकं काय करतात ते मला कधीच सुटं ऐकता आलं नाही. आता तो तात्यांचे दोन ट्रॅक बंद ठेवून बाकी दहांबरोबर स्वतः रियाज करतो. म्हणजे खरे महाराज, खरी पेटी, खरे टाळ, आणि पखवाजाच्या जागी तो. माइकमध्ये शिरलेला तात्यांचा पखवाज मागे थोडा ऐकू येतोच. तो म्हणतो, "बरंय की. काका खोलीच्या बाहेर बसून लक्ष ठेवतायत असं वाटतं." मगाशी मी ब्लीडला नावं ठेवली, तो इथे असा कामाला आला.

पण त्याच सकाळी तात्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, आणि तीसुद्धा तुम्हाला सांगायला हवी. म्हणाले, "हे असं एकट्याचं तू कुणाकुणाला दिती?"

बघा, मिसळलेल्या गाण्यात माणूस गर्दीत असतो. सुट्या ट्रॅकवर तो उघडा असतो. महाराजांच्या माइकवर त्यांनी मागे वळून "जरा पाणी द्या रे" म्हटलेलं असतं. पेटीवाला चुकलेल्याला हळूच शिवी देतो. एखाद्या म्हाताऱ्या गायकाचा दम लागलेला असतो, जो टाळांमध्ये कुणालाच कळला नव्हता. सॉफ्टवेअरमधलं सोलोचं बटण दाबणारी मी एकटी, आणि मला हे सगळं ऐकू येतं. शिवाय तात्यांचे ते स्वच्छ बारा सेकंद कुणीही उचलून एखाद्या डीजे मिक्समध्ये टाकू शकतो. तात्यांना कळणारही नाही.

भारतीय कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचा स्वतंत्र हक्क मानला आहे, ५० वर्षांचा. पण गावात कायदा सांगून काम होत नाही. मी एक साधा मराठी कागद करते. एका पानावर मावेल असा. मिसळलेलं रेकॉर्डिंग मंडळाचं, सगळ्यांना मिळणार. सुटा ट्रॅक ज्याचा त्याला, आणि त्याच्या होकाराशिवाय तिसऱ्याला नाही. मूळ फाइली दोन ठिकाणी, एक माझ्याकडे, एक मंडळाच्या हार्ड डिस्कवर. सह्या रेकॉर्डिंगच्या आधी घ्यायच्या, नंतर नाही; नंतर सगळे आनंदात असतात आणि कशालाही हो म्हणतात. आत्ता वाजवलेली क्लिप तात्यांना विचारून वाजवलीये. त्यांनी फक्त घाई झालेली जागा वगळायला सांगितली.

"हे सगळं कशाला, आता एआय आहे की," असं कुणीतरी म्हणणारच. आहे. २०२३ मध्ये बीटल्सचं 'नाऊ अँड देन' आलं, त्यात जॉन लेननचा आवाज एका जुन्या घरगुती कॅसेटमधून काढलाय, जिथे आवाज आणि पियानो एकत्र अडकले होते. कमाल काम आहे. मीही तात्यांच्या एका जुन्या व्हिडिओवर असं एक फुकटचं ॲप चालवलं.

[क्लिप २ – दहा सेकंद. ॲपने 'ड्रम्स' म्हणून वेगळा काढलेला आवाज: टाळ, टाळ्या, पखवाजाची उजवी बाजू, सगळं पाण्याखाली वाजल्यासारखं.]

ऐकलंत? त्या ॲपला गायन, ड्रम्स, बेस, बाकीचं, एवढेच डबे माहीत. टाळ आणि पखवाज एकाच डब्यात. वीणा कुठल्याच डब्यात सापडली नाही. उद्या सुधारेल कदाचित. पण फोनने डावा हात ऐकलाच नसेल, तर जे टेपवर नाही ते काढणार कुठून? जुन्या, एकुलत्या एक रेकॉर्डिंगसाठी ही साधनं जरूर वापरा. आज जो माणूस समोर बसून वाजवतोय त्याच्यासाठी मात्र एक माइक जास्तीचा लावा.

स्टुडिओबद्दल थोडक्यात, कारण माझी मतं जरा तिखट आहेत. एका मंडळाने पैसे जमवून शहरातल्या एका स्टुडिओत अल्बम केला. स्टुडिओने नेहमीच्या पद्धतीने केलं: हेडफोनमध्ये मेट्रोनोमची टिकटिक, आधी पखवाज एकटा, मग पेटी, मग टाळ, मग गायक, प्रत्येक जण वेगळ्या दिवशी. तांत्रिक बाजूने बोट ठेवायला जागा नाही. ब्लीड शून्य. पण भजनाची लय चढत जाते हो! चढण्याआधी गायक पखवाजाकडे बघतो, पखवाजवाला मान हलवतो, टाळकरी पुढे झुकतात. टिकटिक कुणाकडे बघणार? बाकी सिनेमाची गाणी, जाहिराती, एकट्याने घरी बसून केलेलं गाणं, यासाठी ती पद्धत उत्तम आहे, माझं काही म्हणणं नाही.

भजनासाठी, शाहिरीसाठी मी सांगते की स्टुडिओतही सगळ्यांना एकाच खोलीत, एकमेकांचे डोळे दिसतील असं बसवा. मध्ये गाद्या उभ्या करा. खरंच, कापसाच्या गाद्या, खुर्च्यांना टेकवून, बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या. आवाज अडतो, नजर अडत नाही. टाळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला. याची किंमत असते: मध्येच एकाचा सूर चुकला तर फक्त त्याची ओळ बदलता येत नाही, कारण तो इतरांच्या माइकमध्येही आहे. मग सगळ्यांनी मिळून पुन्हा वाजवायचं. मंडळाला पुन्हा वाजवायचा कंटाळा नसतो. घड्याळ स्टुडिओचं पळत असतं, म्हणून तासावर नाही, दिवसावर भाडं ठरवा.

शेवटी, ज्या दादाने प्रश्न विचारला त्याच्यासाठी. पुढच्या सप्ताहाला तुझ्याकडे बारा माइक नसतील, कळतं मला. दोन फोन तर आहेत? एक फोन पखवाजाच्या डाव्या बाजूपासून हातभर लांब, खाली दुमडलेला टॉवेल, म्हणजे जमिनीची थरथर येणार नाही. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करता येत असेल तर बंद कर. फोन विमान मोडवर. दुसरा फोन टाळकऱ्यांपासून लांब, लोकांमध्ये, उंचावर. आणि साउंडवाल्या दादांचा पेनड्राइव्ह नेहमीप्रमाणे. झाले तीन ट्रॅक. सुरुवातीला महाराजांच्या माइकसमोर एक खणखणीत टाळी वाजव, तिन्हीकडे ऐकू जाईल अशी. कार्यक्रम संपल्यावर तशीच दुसरी. पहिल्या टाळीवर तिन्ही फाइली जुळवायच्या. दुसरी कशाला? दोन उपकरणांची घड्याळं कधीच तंतोतंत एक चालत नाहीत. दहा लाखात वीस एवढा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, आणि दोन तासांनी पखवाज चक्क दोनदा वाजल्यासारखा येतो. दुसऱ्या टाळीवरून फरक किती ते कळतं, मग सॉफ्टवेअरमध्ये फाइल तेवढी किंचित ताणायची किंवा दर दहा मिनिटांनी कापून सरकवायची. ऑडॅसिटी फुकट आहे, त्यात होतं.

आणि पखवाजवाल्या बाबांना आधी विचार. फोन ठेवायच्या आधी.

पुढच्या भागात गोंधळ्याच्या संबळाला माइक कुठे लावायचा यावर बोलू, तिथे तर माणूस कंबरेला वाद्य बांधून नाचत असतो. चला, येते.